उंदरांचे गणित

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना कोणी गणित घालू नये, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. परंतु हे गणित चकलीसारखे आहे. दिसायला वेढ्यावेढ्याचे, पण मोडायला सोपे. शिवाय ते साडेतीनशे-चारशे वर्षांचे जुने असून त्यात गणपतीचे वाहन आहे, तेव्हा सणासुदीला ते वर्ज्य मानण्याचे कारण नाही.

१६२७ साली जपानात योशिदा मित्सुयोशी नावाच्या गणितज्ञाचे 'जिंकोकी' हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध झाले. व्यापारी, कारागीर, शेतकरी यांना रोजचा हिशेब करता यावा, मण्यांच्या पाटीवर बेरीज-वजाबाकी जमावी, म्हणून लिहिलेले हे लोकांचे अंकगणित. त्यात एक उदाहरण येते. जानेवारीत उंदरांची एक जोडी येते आणि तिला बारा पिल्ले होतात. म्हणजे एकूण चौदा उंदीर. फेब्रुवारीत या सातही जोड्यांना प्रत्येकी बारा पिल्ले होतात; एकूण अठ्ठ्याण्णव. असेच दर महिन्याला चालले, तर वर्षअखेर उंदीर किती? उत्तर आहे २,७६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. आज पृथ्वीवर जितकी माणसे आहेत, त्यांच्या तिपटीहून अधिक उंदीर, आणि तेही एका जोडीपासून, एका वर्षात!

गणित चोख आहे. फक्त इतक्या उंदरांनी खायचे काय, राहायचे कोठे, हा प्रश्न उदाहरणात विचारलेला नाही. अंकगणिताला तो विचारण्याची गरजही नसते. ती गरज माणसाला असते.

जपानी लोकांनी हे उदाहरण विसरू दिले नाही. १९६७ साली त्या देशातील कुमामोतो येथे एक मंडळी स्थापन झाली. 'सारे जग एक घर' अशा अर्थाचे तिचे नाव होते. आपल्याकडील 'वसुधैव कुटुंबकम्'चेच ते जपानी रूप म्हणा ना! सभासदाने काही रक्कम साखळीत आपल्या वर असलेल्याला पाठवायची, काही मंडळीच्या कचेरीत भरायची, आणि मग स्वतः नवे सभासद आणायचे. त्यांनी आणखी आणायचे. म्हणजे आपली पाळी येताच पैशाचा पाऊस. या प्रकाराला जपानी माणसाने जे नाव दिले ते 'नेझुमी-को', म्हणजे उंदीर-मंडळी. चारशे वर्षांपूर्वीच्या शाळेच्या पुस्तकातील उंदीर असे कामास आले. पुढे १९७८ साली जपानने कायदा करून अशा साखळ्यांवर बंदी घातली. योगायोग असा की, आपल्या देशानेही याच प्रकारच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी केला. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. बाजारपेठेशी माझा संबंध पिशवी घेऊन मंडईत जाण्यापुरता. मग या विषयात मी कसा शिरलो, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक. सज्जन, मितभाषी, विद्यार्थ्यांत प्रिय. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांच्याकडे त्यांचाच एक जुना विद्यार्थी आला आणि एका शक्तिवर्धक भुकटीच्या 'व्यवसायात' त्यांना घेऊन गेला. भुकटी विकायची, शिवाय माणसे जोडायची. त्यांनी जोडलेल्या माणसांच्या खरेदीवरही आपल्याला वाटा. गुरुजींनी पहिल्याच फेरीत इतके डबे घेतले की, कॉटखालची जागा पुरेना. मग ते माणसे जोडू लागले. शिक्षकाकडे माणसांची काय वाण? चाळीस वर्षांचे विद्यार्थी होते. आरंभी विद्यार्थी आदराने ऐकत, एखादा डबा घेत. पुढे पुढे गुरुजी समोरून येताना दिसले की, लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. उरलेली भुकटी वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या पत्नीने ती दीड वर्ष दुधातून घेतली. पैशाचे नुकसान तसे सोसण्याजोगे होते. परंतु ज्या माणसाला गावात कोठेही चहाला बसता येत असे, त्याला लग्नाकार्याचे बोलावणे येईनासे झाले, हे नुकसान कोणत्या वहीत मांडायचे?

ते स्वतः याविषयी कधी बोलले नाहीत. या व्यवहारात झाकली मूठच सव्वा लाखाची असते. आणि मुठी झाकलेल्या राहतात, म्हणूनच पुढच्या माणसाला कोणी सावध करीत नाही. तेव्हा मी ठरवले की, हे प्रकरण आले कोठून, ते मुळापासून पाहावे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. दहा माणसांनी एकत्र येऊन पैसे फिरवणे यात मुळात काही वावगे नाही. आपल्या घरोघरच्या बायका भिशी लावतात. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिची निघेल तिने सहा हजार न्यायचे. वर्ष संपते तेव्हा प्रत्येकीने सहा हजार दिलेले असतात आणि सहा हजार घेतलेले असतात. भिशीने कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही; पण कोणाची शिवणयंत्राची, कोणाची मुलाच्या फीची सोय झाली. भिशीत माणसे ठरलेली असतात, रक्कम ठरलेली असते आणि मुख्य म्हणजे तीत कोणी कोणाच्या 'खाली' नसते. साखळीत मात्र प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी लागते. भिशी गोल आहे, साखळी उतरती आहे. सारा फरक या आकारात आहे.

आता या साखळीचे कूळ पाहू. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ती पोस्टकार्डे पाहिली असतील : अमुक देवाचे हे पत्र मिळताच अशीच एकवीस पत्रे लिहून पाठवा, पाठवणाऱ्यास नोकरी लागली, न पाठवणाऱ्याचा बैल मेला. घरातली म्हातारी माणसे धास्तावून मुलांना कार्डे लिहायला बसवीत. त्यात पोस्टखात्याशिवाय कोणाचा लाभ नव्हता, आणि देवाची तर मुळीच चूक नव्हती. पण त्या कार्डात एक नाणे घातले की काय होते, ते अमेरिकेतील डेन्व्हर शहराने १९३५ साली पाहिले.

ते दिवस महामंदीचे. बँका बुडालेल्या, कारखाने बंद. अशा वेळी डेन्व्हरमध्ये घरोघर एक पत्र येऊ लागले. त्यावर सहा जणांची नावे व पत्ते असत. पहिल्या नावावर एक डाइम, म्हणजे दहा सेंटांचे नाणे, पाठवायचे. ते नाव खोडायचे. तळाला आपले नाव घालायचे. आणि पत्राच्या पाच प्रती पाच मित्रांना पाठवायच्या. त्या पाचांनी पंचवीसांना, पंचवीसांनी सव्वाशेंना. आपले नाव वर सरकत पहिल्या जागी येईल, तेव्हा १५,६२५ माणसे आपल्याला एकेक डाइम पाठवतील, म्हणजे दीड हजारावर डॉलर्स होतील! मंदीत ती रक्कम कित्येकांच्या वर्षाच्या कमाईएवढी होती. डेन्व्हरच्या पोस्टात पत्रांचे डोंगर साचले, जादा माणसे नेमावी लागली. हे लोण पाहता पाहता इतर गावांत गेले. मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड गावात तर साखळीपत्रांची दुकानेच निघाली, दहा सेंटांवरून भाव काही डॉलरांवर गेले, आणि थोड्याच दिवसांत सारा बाजार उठला. घ्यायला कोणी उरले नाही.

का उरले नाही, हे पाहण्यासाठी कागद-पेन्सिल घ्या. एका माणसाला पूर्ण रक्कम मिळण्यासाठी १५,६२५ माणसे लागतात. या १५,६२५ जणांनाही तेवढीच रक्कम मिळायची असेल, तर १५,६२५ ला १५,६२५ ने गुणा. उत्तर येते २४ कोटी ४१ लाख ४० हजार ६२५. त्या वर्षी तान्ह्या मुलांसकट सगळ्या अमेरिकेची लोकसंख्या होती सुमारे पावणेतेरा कोटी. म्हणजे एका माणसाने सुरू केलेली साखळी दोनदा पूर्ण होण्यापूर्वीच देश संपतो.

याहूनही बोधप्रद असा आणखी एक हिशेब आहे, आणि तो माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाने पाच आणले, त्यांनी पंचवीस, मग १२५, ६२५, ३,१२५. इथे साखळी थांबली असे समजा. एकूण माणसे झाली ३,९०६. त्यांपैकी तळाच्या थरात किती? ३,१२५. म्हणजे शंभरातले ऐंशी. आणखी एक थर वाढवला तरी तळाला ऐंशीच. दहा थर वाढवले तरी ऐंशीच. प्रत्येकाने दोघांना आणायचे असेल, तर तळाला निम्मे. दहा जणांना आणायचे असेल, तर शंभरातले नव्वद. साखळी केव्हाही थांबो, ज्यांच्या खाली कोणी नाही असे लोकच बहुसंख्य असतात. यात कोणाच्या आळसाचा, नशिबाचा किंवा कमी श्रद्धेचा संबंध नाही. 'तुम्ही मेहनत कमी केलीत' असे तळाच्या माणसाला सांगणे म्हणजे पिरॅमिडच्या पायथ्याच्या दगडाला 'तू चढला नाहीस' म्हणून दोष देण्यासारखे आहे.

याच घराण्यातला दुसरा, थोडा वेगळा पुरुष म्हणजे चार्ल्स पॉन्झी. इटलीतील लुगो गावचा हा गृहस्थ १९०३ साली अमेरिकेत आला आणि १९२० मध्ये बॉस्टन शहरात त्याने पेढी उघडली. पंचेचाळीस दिवसांत शंभराचे दीडशे, हा त्याचा वायदा. इतका नफा कशात? त्याचे उत्तर त्याच्याजवळ तयार होते : परदेशी पत्राच्या उत्तरासाठी टपालाची जी आंतरराष्ट्रीय कुपने मिळत, ती युरोपात स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत महाग तिकिटांत बदलायची. युद्धानंतर चलनांचे भाव कोसळल्यामुळे कागदावर यात खरोखरच नफा दिसत होता. लोकांच्या रांगा लागल्या. आणि ज्यांची मुदत भरे त्यांना दीडशे मिळतही होते. तेच या पेढीचे फिरते जाहिरातफलक झाले. मग क्लॅरेन्स बॅरन नावाच्या अर्थपत्रकाराने साधा प्रश्न केला. एवढ्या ठेवींना पुरतील इतकी कुपने जगात आहेत का? हिशेबाने लागत होती सोळा कोटी. चलनात होती सुमारे सत्तावीस हजार. नव्यांचे पैसे जुन्यांना, एवढाच तो धंदा होता. ऑगस्ट १९२० मध्ये पॉन्झी कैद झाला. १९४९ साली ब्राझीलमधील रिओ येथे एका धर्मादाय रुग्णालयात त्याचा अंत झाला. नाव मात्र अमर झाले; असली अमरता कोणाच्या वाट्याला न येवो.

येथवर गोष्ट सरळ आहे, कारण मध्ये वस्तू नाही. पैसा जातो, पैसा येतो. चोरी उघडी पडते. खरी गुंतागुंत सुरू होते ती साखळीत साबण, गोळ्या, भुकट्या आल्यावर.

कार्ल रेनबोर्ग नावाचा एक अमेरिकन काही वर्षे चीनमध्ये राहून आला. आहारातील वनस्पतींविषयी त्याने तेथे विचार केला आणि १९३४ साली कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वांचा धंदा काढला. पुढे तो 'न्यूट्रिलाइट' या नावाने ओळखला गेला. १९४५ मध्ये दोन गृहस्थांनी या मालाच्या विक्रीची नवी पद्धत बसवली. एक होता मानसशास्त्रज्ञ, दुसरा दफनभूमीतील जागा विकणारा विक्रेता. मन वळवण्याचे शास्त्र आणि न टळणाऱ्या भविष्याची विक्री, या दोन विद्यांचा असा संगम झाला. विक्रेत्याने केवळ गिऱ्हाइके जोडायची नाहीत, तर विक्रेतेही जोडायचे, आणि त्यांच्या विक्रीवर हिस्सा घ्यायचा, ही ती पद्धत. याच न्यूट्रिलाइटचे विक्रेते असलेले रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल या दोन मित्रांनी १९५९ साली मिशिगन राज्यात 'ॲमवे' काढली.

मौज पाहा. त्याच १९५९ साली, १५ मार्चला, आपल्या मुंबईत गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका उसने ऐंशी रुपये घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तोच पुढे 'लिज्जत' म्हणून देशभर गेलेला महिला गृहउद्योग. त्यातही एकीने दुसरीला आणले, दुसरीने तिसरीला. सातांच्या हजारो झाल्या. मग याला साखळी म्हणावे काय? नाही, आणि का नाही, हे समजले की अर्धे काम झाले. त्या बाईला पैसे मिळतात ते तिने लाटलेल्या पापडाचे, तिने आणलेल्या बाईचे नव्हेत. आणि तो पापड खाणारा माणूस त्या संस्थेचा सभासद नसतो. तो दुकानात जातो, पापड घेतो, तळतो, खातो आणि विसरतो. पैसा बाहेरून आत येतो. ज्या धंद्यात असा बाहेरचा, अनोळखी, कसलेही स्वप्न न बाळगणारा गिऱ्हाईक आहे, तो धंदा. जेथे विकणारेच घेणारे आणि घेणारेच विकणारे आहेत, तेथे माल हे निमित्त.

नेमका हाच निकष अमेरिकेत न्यायनिवाड्यातून तयार झाला. १९६७ साली ग्लेन टर्नर याने फ्लॉरिडात 'कॉस्कॉट' नावाची सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. तिचे पूर्ण नाव 'कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी', म्हणजे गिऱ्हाईक पृथ्वीवर संपले तर पुढची सोय आधीच केलेली! १९७५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने निर्णय दिला. माल विकण्याचा हक्क मिळावा म्हणून पैसे भरायचे, आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्याला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेले बक्षीस नवी माणसे आणल्याबद्दल घ्यायचे, हे ज्या योजनेत असेल ती पिरॅमिड. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, याच कमिशनने ॲमवेला मात्र पिरॅमिड मानले नाही. त्यात कंपनीच्या तीन नियमांना महत्त्व होते. उरलेला माल परत घेणे. हाती असलेल्या मालापैकी निदान सत्तर टक्के खपल्याखेरीज नवा न घेणे. आणि दरमहा दहा वेगळ्या गिऱ्हाइकांना किरकोळ विक्री करणे. त्याच निर्णयात कमाईचे फुगवलेले आकडे सांगण्यास आणि किमती बांधून देण्यास मनाई केली गेली, हे मात्र सभागृहातील व्याख्याने सहसा सांगत नाहीत. आणि दुसरीही गोष्ट लक्षात ठेवावी : नियम कागदावर असणे वेगळे आणि आपल्या गल्लीत पाळले जाणे वेगळे.

आता घरी येऊ. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात बक्षीस-चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजना इतक्या बोकाळल्या की, रिझर्व्ह बँकेने जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यातून १९७८ चा बंदीचा कायदा आला. सभासद नोंदवण्याशी निगडित असा झटपट वा सोपा पैसा देऊ करणारी योजना चालवणे, तिच्यात लोकांना ओढणे आणि तिचे सभासद होणेसुद्धा या कायद्याने गुन्हा ठरले. 'मी फक्त सभासद होतो' ही सबब येथे पुरत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

या कायद्याचा कस लागला तो कलकत्त्याच्या 'संचयिता' प्रकरणी. ही पेढी ठेवींवर वर्षाला शेकडा बारा व्याज कागदावर देई आणि त्याखेरीज बरीच मोठी रक्कम रोख, अशी तक्रार होती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी यशवंत विष्णु चंद्रचूड. भरमसाट व्याज देणे एवढ्याने या कायद्याखालचा गुन्हा होत नाही. पैसे मिळणे हे सभासद नोंदणीशी निगडित असले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. पेढी त्या कायद्यातून सुटली. ठेवीदारांचे दैव मात्र सुटले नाही, त्यांना पैशासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. यातून सामान्य माणसाने घ्यायचा धडा असा की, 'कोर्टाने सोडले' आणि 'पैसे सुरक्षित आहेत' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट दिशेचा निकाल २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिला. ॲमवेची तेव्हाची योजना १९७८ च्या कायद्यात बसते, असे त्याने म्हटले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या रक्षणासाठी स्वतःचा कायदा केला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम काढले. त्यांनी पिरॅमिड योजनेस मनाई केली. विक्रेत्याकडून प्रवेश-शुल्क घेऊ नये, करार लेखी असावा आणि विचार बदलल्यास दंडाविना माघार घेण्याची मुदत असावी, असे बंधन घातले.

हे सारे कायद्याचे कीस कशासाठी, असे वाटत असेल, तर आल्बेनियाची कथा ऐका. युरोपातील हा तीस-बत्तीस लाख वस्तीचा गरीब देश नुकताच बंदिस्त राजवटीतून बाहेर पडला होता. तेथे भरमसाट व्याज देणाऱ्या पेढ्या निघाल्या आणि त्यांत जवळजवळ सारा देश उतरला. लोकांनी घरे विकली. १९९६ च्या शरदात शेतकऱ्यांनी गुरे विकण्यासाठी राजधानी तिराना येथे आणली, आणि ते शहर कत्तलखान्यासारखे झाले. पेढ्यांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात गेली. १९९७ च्या आरंभी पेढ्या बुडाल्या. लोक रस्त्यावर आले, शस्त्रागारे लुटली गेली, सरकार कोसळले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. उंदरांच्या गणिताने एक राष्ट्र कुरतडले. आणि फार दूर कशाला? जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला एका दागिन्यांच्या दुकानाच्या बंद दारापुढे हजारो लोक जमले, तेही चमकत्या खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा आणि नवी माणसे आणल्यास वर बक्षीस, या आशेने पैसे गुंतवलेले. त्यांत भाजीवाले होते, फेरीवाले होते. अशा वेळी बुडतो तो तळाचा थर, आणि तळाला कोण असते ते आता सांगायला नको.

तेव्हा उद्या आपल्या घरी कोणी येईल. बहुधा परका नसेल, मावसभाऊ असेल, शेजारी असेल, जुना विद्यार्थी असेल. दिवाळीच्या दिवसांत तर हमखास येईल. त्याला हाकलू नये. फराळ द्यावा, चहा द्यावा आणि या इतिहासाने शिकवलेले पाच प्रश्न शांतपणे विचारावेत.

पहिला प्रश्न पॉन्झीचा : हा पैसा मुळात येतो कोठून? उत्तर एका वाक्यात, आजीला समजेल असे मिळाले पाहिजे. दुसरा लिज्जतच्या पापडाचा : ज्याला या धंद्यात शिरायचे नाही, असा माणूस ही वस्तू या किमतीला घेईल काय? त्यासाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आणि औषधाच्या दुकानात तशाच वस्तूचा भाव पाहून यावा. तिसरा कॉस्कॉटचा : मी एकही माणूस आणला नाही आणि नुसता माल विकला, तर महिन्याला काय सुटेल? उत्तर देताना पाहुणा अडखळला तर समजावे की, माल नव्हे, माणूस विकायचा आहे. चौथा नियमांचा : प्रवेशाचे पैसे लागतात काय, उरलेला माल कंपनी किती दिवसांत, किती रक्कम कापून परत घेते, आणि हे लेखी दाखवता काय? तोंडी उत्तर हे उत्तर नव्हे. पाचवा डेन्व्हरचा : माझ्या वर किती थर आहेत आणि या गावात आधीच किती जण आहेत?

याखेरीज आलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाच्या कमाईचा हिशेब मागावा. मोटारीचा फोटो नव्हे, हिशेब. त्यातून प्रवासभाडे, फोन, सभांची तिकिटे, स्वतःच घेतलेला माल आणि चहापाणी वजा करावे. बाकी काय उरते, ते त्याच्यासमोरच मांडावे. पुष्कळदा त्याने ती बेरीज-वजाबाकी कधी केलेलीच नसते, आणि आपण त्याच्यावर उपकारच करतो. 'आजच ठरवा, उद्या जागा राहणार नाही' असे तो म्हणाला, तर उत्तर एवढेच की, जो धंदा एक रात्र थांबत नाही, तो वर्षभर टिकणार कसा?

हे सारे प्रश्न पार करून एखादा व्यवहार उभा राहिला, तर खुशाल करावा. दारोदार जाऊन चांगला माल विकण्यात कमीपणा नाही; विम्याचे एजंट, भांडीवाल्या, साड्या दाखवणाऱ्या बायका यांनी किती संसार उभे केले आहेत. फक्त एक गोष्ट आपल्या मनाशी तोलून पाहावी. दुकानदार दुकान बंद करून घरी येतो, तेव्हा त्याचा भाऊ पुन्हा भाऊ होतो आणि मित्र पुन्हा मित्र. साखळीत दुकान बंद होत नाही. बारशाला, बाराव्याला, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या वर्धापनदिनी, समोरचा माणूस गिऱ्हाईकच राहतो. भांडवल म्हणून तेथे जे लागते ते पैसा नव्हे, आजवर जोडलेली माणसे. आणि ते भांडवल बुडाले तर त्याची भरपाई करणारे कलम जपानच्या कायद्यात नाही, अमेरिकेच्या नाही आणि आपल्याही नाही.

आमच्या गुरुजींना ते भांडवल परत मिळाले, तेही थोडे थोडे आणि उशिरा. शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे पुन्हा दोन-चार विद्यार्थी येऊन बसू लागले होते. कॉटखालची जागा तोवर रिकामी झाली होती.